मुठीत मावणारा व्हॉल्व्ह

जोरात ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो आणि मागची चाकं हलकी होतात. त्यांनाही पुढच्याइतकाच दाब मिळाला तर ती जागीच आवळतात आणि गाडी गिरकी घेते. म्हणून मागच्या ब्रेककडे जाणारा तेलाचा दाब एका मर्यादेनंतर कमी वाढू देणारा एक भाग बसवत. त्याचं नाव प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, कारखान्यात नुसता पी-व्हॉल्व्ह. आज हे काम बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. संपादकांनी मला पुरवठा साखळीवर लिहायला सांगितलं होतं. मी अडकलो या व्हॉल्व्हच्या आतल्या बारीक, निमुळत्या छिद्रांपाशी. त्यांना खास ड्रिल लागतं, खास जिग लागतात, आणि मापात जराही चूक चालत नाही.

टोयोटाचे जवळजवळ सगळे पी-व्हॉल्व्ह आयसिन सेइकी ही एकच कंपनी करत असे, जपानच्या आइची प्रांतातल्या कारिया शहरात. दर्जा उत्तम, दर कमी, मशीनच्या ओळी याच कामासाठी बांधलेल्या. दुसरा व्हेंडर कशाला शोधायचा? टोयोटाकडे साठा असे अगदी जेमतेम.

१ फेब्रुवारी १९९७ च्या पहाटे त्या कारखान्याला आग लागली. चारेक दिवसांत टोयोटाच्या जपानमधल्या बहुतेक लाइन बंद पडल्या.

आयसिनने व्हॉल्व्हची ड्रॉइंग इतर कंपन्यांना मोकळ्या हाताने वाटली. साठेक कंपन्यांनी व्हॉल्व्ह करायला घेतले. हत्यारं-जिग पुरवणाऱ्या धरल्या तर मदतीला आलेल्यांची संख्या दोनशेच्या घरात जाते. त्यांत शिलाई मशीनसाठी प्रसिद्ध असलेली ब्रदर कंपनीही होती, जिने गाडीचे भाग कधी केले नव्हते. खास मशीन कुणाकडेच नव्हती. साध्या मशीनिंग सेंटरवर जॉब बांधायचा, कापायचा, मोजायचा, पुन्हा बांधायचा. आयसिनच्या ओळींपुढे हा वेग गोगलगायीचा होता, पण छिद्र मापात येत होतं. पैशांची बोलणी कुणी आधी केली नाहीत. आठवडाभरात बहुतेक लाइन पुन्हा सुरू झाल्या. त्या टूलरूममधल्या कारागिरांबद्दल मला अपार आदर वाटतो.

तरीही या गोष्टीचा धडा आपण फार लवकर घेऊन टाकतो: पुरवठादार वाढवा, धोका टळेल. ११ मार्च २०११ च्या जपानमधल्या भूकंपात रेनेसास कंपनीचा नाका इथला चिप कारखाना बंद पडला, तेव्हा गाडी कंपन्यांना कळलं की त्यांचे वेगवेगळे पुरवठादार खाली जाऊन त्याच कारखान्यावर अवलंबून होते. ३१ मार्च २०१२ ला जर्मनीत मार्ल इथे एव्होनिक या रसायन कंपनीच्या प्रकल्पात स्फोट झाला, दोन कामगार गेले. ब्रेक आणि इंधनाच्या नळ्यांच्या नायलॉन-१२ साठी लागणाऱ्या रसायनाचा मोठा हिस्सा तिथून येत होता. नळ्या करणारे पुष्कळ, रसायन करणारे मोजके. खरेदी खात्याच्या यादीत हे दिसत नाही, कारण यादी पहिल्या पायरीवरच थांबते.

चाकण, भोसरी, वाळूजच्या खरेदी अधिकाऱ्यांना म्हणून माझी विनंती आहे. एकाच भागाचे दोन व्हेंडर असतील तर दोघांनाही विचारा, कास्टिंग कुणाचं, पोलाद कुठलं, रबर कुठून येतं. दोन्ही उत्तरं एकच आली तर तुमच्याकडे व्हेंडर एकच आहे. आणि दुसऱ्याचं नाव नुसतं फाइलमध्ये ठेवू नका. त्याला दर महिन्याला थोडी तरी ऑर्डर द्या, दर चार पैसे जास्त पडला तरी द्या. ऑर्डर नसलेल्या कारखान्यात गेज गंजतात आणि सरावलेला कामगार दुसरीकडे निघून जातो.