डिझाईनसाठी लॅपटॉप: आधी आपल्या जुन्या फाईली उघडून पाहा

ईदनंतरची लग्नसराई तोंडावर आली होती. मालेगावातील आमच्या परिचयाचे एक गृहस्थ, दावतनामे छापणारे, आमच्याकडे आले ते चिंतेतच. त्यांचा मुलगा डिझाईनचा कोर्स करून आला होता आणि वडिलांच्या मागे लागून त्याने ॲपलचा लॅपटॉप घेतला होता. लाखाच्या आसपास रक्कम गेली. लॅपटॉप उत्तम, पडदा आरशासारखा, बॅटरी दिवसभर चालते. पण दुकानातील पंधरा-वीस वर्षांच्या फाईली त्यावर उघडेनात. उर्दू मजकूर इनपेजमध्ये, मराठी मजकूर श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये. गिऱ्हाईक दारात उभे आणि मुलगा म्हणतो, "अब्बा, हे यात चालतच नाही."

असे प्रसंग आम्ही अनेक दुकानांत पाहिले आहेत. लॅपटॉप घेणारा आधी कंपनी विचारतो, मग किंमत, मग रंग. आपले रोजचे काम कोणत्या सॉफ्टवेअरवर चालते, हा प्रश्न पैसे दिल्यानंतर आठवतो. वास्तविक सुरुवात तेथूनच व्हायला हवी.

उर्दू छपाईचेच उदाहरण घेऊ. नस्तालीक लिपी यंत्रावर आणणे फार अवघड होते, कारण अक्षरे एकमेकांत गुंफत तिरपी खाली उतरतात. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडआकार हाताने लिहून नूरी नस्तालीक तयार केली आणि १९८१ मध्ये लाहोरचे 'जंग' दैनिक त्या लिपीत निघू लागले. पुढे १९९४ मध्ये दिल्लीत तयार झालेल्या इनपेजने ही सोय साध्या संगणकावर आणली. आपल्याकडील कातिबांच्या मुलांनी इनपेज शिकले आणि दुकाने टिकवली. मात्र इनपेज विंडोजसाठीच बनलेले आहे. शिवाय जुन्या आवृत्त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये नसल्याने तो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेला की अक्षरांचा भाजीपाला होतो. त्यासाठी वेगळे कन्व्हर्टर वापरावे लागते. जुन्या मराठी फॉन्टमधील फाईलींचेही हेच दुखणे आहे.

कोरलड्रॉची गोष्ट थोडी निराळी. मॅकवरची त्याची आवृत्ती बरीच वर्षे बंद होती. २०१९ मध्ये ती पुन्हा आली. तेव्हा कोरल चालते म्हणून मॅक घ्यावा, असे कोणी सांगितले तर ते खोटे नाही; पण कोरलच्या जोडीला आपल्या दुकानात आणखी काय चालते, ते पाहायला हवे.

भरतकामाच्या कारखान्यात मल्टिहेड मशीनसाठी विल्कॉम वापरतात, तेही विंडोजचेच. लेसर मार्किंगवाले ईझीकॅडवर काम करतात, तेही विंडोजवर. फ्लेक्स छपाईच्या आणि स्टिकर कापण्याच्या मशीनबरोबर येणारे सॉफ्टवेअरही बहुधा विंडोजचेच असते. ज्याची रोजी अशा मशीनवर आहे, त्याने विंडोजचा लॅपटॉप घ्यावा हे आमचे स्पष्ट मत आहे.

पूर्वी ॲपलच्या लॅपटॉपवर बूट कॅम्पच्या साह्याने विंडोजही बसवता येई. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने इंटेलची चिप सोडून स्वतःची एम-१ चिप आणली आणि नव्या मशीनवर तो मार्ग बंद झाला. आता पॅरलल्स घेऊन विंडोज चालवता येते, पण ते एआरएम जातीचे विंडोज असते. त्यावर साधे सॉफ्टवेअर चालून जाते, मात्र जुन्या डोंगलचा ड्रायव्हर चालत नाही. हीच अडचण स्नॅपड्रॅगन चिपच्या विंडोज लॅपटॉपमध्ये आहे. दुकानदार बॅटरीचे कौतुक करतो, ते खरेही असते. पण डोंगलवर काम करणाऱ्याने इंटेल किंवा एएमडीचीच चिप मागावी.

मग मॅक कोणी घ्यावा? ज्याचे काम फोटोशॉप, इलस्ट्रेटर, व्हिडिओ आणि जाहिरातींचे आहे, जुन्या फाईलींचे ओझे नाही, गिऱ्हाईक पीडीएफवर समाधानी आहे, त्याने अवश्य घ्यावा. मार्च २०२५ मध्ये एम-४ चिपचा मॅकबुक एअर भारतात ९९,९०० रुपयांना आला, सोळा जीबी मेमरीसह. त्याच्या पडद्याचे रंग त्या किमतीत वाखाणण्यासारखे आहेत. नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्टही मॅकमध्ये बसवलेलाच येतो. एवढेच ध्यानात ठेवावे की त्यातील मेमरी नंतर वाढवता येत नाही. घेताना जी घेतली तीच शेवटपर्यंत.

लिनक्सविषयी तरुण मंडळी विचारतात. लिनक्स फुकट आहे, जुन्या मशीनवरही चालते. इंकस्केपमध्ये मराठी आणि उर्दू युनिकोड मजकूर व्यवस्थित उमटतो, आणि इंक-स्टिच हे जोडसॉफ्टवेअर घेतले तर भरतकामाच्या फाईलीही निघतात. पण अडोबी लिनक्ससाठी काही देत नाही. शिकण्यासाठी उत्तम, गिऱ्हाईकाची कोरल फाईल तशीच उघडण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये. इंकस्केप विंडोजवरही फुकटच मिळते. चोरीचे कोरल बसवून मशीनमध्ये व्हायरस घेण्यापेक्षा आणि दुसऱ्याच्या मेहनतीवर हात मारण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी चांगला.

आता पडद्याबद्दल, कारण येथेच बहुतेकांची फसगत होते. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात "४५ टक्के एनटीएससी" असे लिहिलेले असते. याचा सरळ अर्थ असा की छपाई आणि फोटोच्या कामासाठी जी एसआरजीबी रंगांची मर्यादा धरतात, तिच्यातले साधारण दोन-तृतीयांशच रंग तो पडदा दाखवतो. दावतनाम्याचा गर्द हिरवा त्यावर फिका दिसतो, आपण तो आणखी गडद करतो आणि कागदावर काळपट उतरतो. माल परत येतो, कागद वाया, शाई वाया, वर गिऱ्हाईकाचे बोलणे. म्हणून "१०० टक्के एसआरजीबी" असे लिहिलेले पाहूनच घ्यावे. लेनोवो, एचपी, डेल, असूस, एसर या साऱ्यांकडे असे मॉडेल असते आणि साऱ्यांकडे रद्दी पडद्याचेही असते. तेव्हा कंपनीच्या नावाने निवड करण्यात अर्थ नाही, मॉडेलच पाहावे. आणि पडदा कितीही चांगला असला तरी तो प्रकाशाने रंग दाखवतो, कागद शाईने. आपल्याच मशीनवर छापलेला रंगांचा तक्ता टेबलाशेजारी ठेवणारा कारागीर आम्हाला महागडा पडदा घेणाऱ्यापेक्षा शहाणा वाटतो.

मेमरी सोळा जीबी आणि ५१२ जीबीची एसएसडी, याखाली डिझाईनसाठी जाऊ नये.

पैसे कमी असतील तर लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात कंपन्यांनी वापरून काढलेले थिंकपॅड, एलिटबुक, लॅटिट्यूड मिळतात. बांधणी मजबूत, कीबोर्ड चांगला. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्याने विंडोज ११ ला चालणारे मशीनच घ्यावे. इंटेलचे असेल तर आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे. पडदा दुकानातच तपासावा, कारण ऑफिसच्या मशीनमध्ये रंगांकडे फारसे लक्ष दिलेले नसते. तो साधा निघाला तर घरी बाहेरचा मॉनिटर जोडता येतो.

हप्त्यांविषयी एक शब्द. "बिनव्याजी ईएमआय" ही पाटी पाहून पुष्कळ जण निश्चिंत होतात. बँक त्यात व्याज आकारतेच. विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो आणि त्या व्याजावर जीएसटी लागतो तो वेगळाच. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या बांधवांनी कागद नीट वाचावा, किंवा ओळखीच्या दुकानदाराशी एकच किंमत ठरवून सरळ उधारीचे हप्ते बांधावेत. नियमित जीएसटी नोंदणी असणाऱ्याने बिल आपल्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे, म्हणजे अठरा टक्के कर वजावटीत मिळतो. कंपोझिशन योजनेतल्यांना ही वजावट नाही.

मालेगावच्या त्या गृहस्थांनी मुलाचा मॅक विकला नाही. फोटो आणि जाहिरातीचे काम तो त्यावर करतो. दावतनाम्यांसाठी त्यांनी जुना थिंकपॅड रोखीने घेतला, इनपेज बसवले आणि डोंगल हरवू नये म्हणून ते दोरीने लॅपटॉपच्या पिशवीलाच बांधून ठेवले आहे.