धमनीतली खपली सुटते तेव्हा



घोड-भीमेच्या पट्ट्यात ज्यांनी उसाला ठिबक केले आहे, त्यांना हे सांगायला नको. पाणी मचूळ असले की मुख्य पाइपात क्षारांचा थर बसतो. मोटार चालू असते म्हणून आपण बिनघोर राहतो. एके दिवशी थराची खपली सुटते, तुकडे बारीक नळ्यांत जातात आणि टोकाचे ड्रीपर बंद पडतात.

शरीरातही असेच घडते. कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ शरीराला लागतोच. पण तो वाढला, जोडीला तंबाखू, रक्तदाब, मधुमेह असला, की धमन्यांच्या आतून त्याची पुटे चढतात. पुट फुटून तिथेच रक्त गोठले, तर हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येतो. दुसरा प्रकार क्वचित आढळतो. महाधमनीतल्या पुटाचे बारीक स्फटिक सुटून वाहत जातात आणि लहान वाहिन्यांत अडकतात. डेन्मार्कचे डॉ. पानुम यांनी १८६२ साली याचे वर्णन केले होते.

ओळखावे कसे? पायाची बोटे एकाएकी निळी-जांभळी पडून ठणकतात, पण पावलावरची नाडी बहुधा लागते. कातडीवर जाळीसारखे डाग उठतात. मूत्रपिंडात तुकडे गेले तर क्रिएटिनीन वाढते. एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखी अंधारी येते. ती पाच-दहा मिनिटांत गेली तरी पक्षाघाताची पूर्वसूचना समजावी.

अँजिओग्राफी किंवा धमनीच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी, आठवड्यांनीही हे होऊ शकते. म्हणून त्या तपासण्या टाळाव्यात असे मुळीच नाही. त्यांनी जीव वाचतात. मात्र नंतर बोटे निळी पडली, तर ‘माझी अँजिओग्राफी झाली आहे’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

‘रानात काहीतरी चावलं असेल’ म्हणून पाय आवळून बांधू नका, शेकू नका, लेप लावत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने सुरू किंवा बंद करू नका.

ठिबकचा पाइप आम्ल सोडून धुता येतो, धमनी तशी धुता येत नाही. अडकलेला स्फटिक विरघळवणारे औषध अजून नाही. म्हणून पुटे वाढू न देणे हाच खरा उपाय. बिडी, मिसरी, तंबाखू सोडावी. रक्तदाब व साखर ताब्यात ठेवावी. डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी दिली असेल, तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती सोडू नये.

काट्यावर उसाचे वजन आपण डोळ्यात तेल घालून पाहतो. चाळिशी ओलांडलेल्या सभासदांनी गळीत हंगाम संपताच रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलही तसेच पाहून घ्यावे, घरच्या लक्ष्मीसह, ही आमची कळकळीची विनंती.