मुलांच्या हाती येणारे खाऊचे पैसे

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली म्हणजे पहिल्या आठवड्यात वर्गातील कित्येक मुलांच्या खिशात अथवा दप्तरात थोडेफार पैसे असतात. भाऊबीजेची ओवाळणी, मामाने निघताना हातावर ठेवलेली नोट, आत्याने दिलेले खाऊचे पैसे असे त्यांचे मूळ असते. गेवराई तालुक्यातील उमापूर आणि त्याच्या आसपासच्या गावांत याच सुमारास आणखी एक गोष्ट घडते. ऊसतोडीस जाणारी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. काही मुले त्यांच्याबरोबर जातात, तर काही आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावीच राहतात. निघतेवेळी आई मुलाच्या मुठीत पन्नास-शंभर रुपये देते. त्या नोटेत केवळ खाऊ नसतो, तर पुढील पाच-सहा महिन्यांच्या ताटातुटीचे सांत्वनही असते. तेव्हा या पैशांविषयी मुलास उपदेश करण्यापूर्वी शिक्षकाने ही गोष्ट ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

प्रथम प्रश्न असा की, हे पैसे कोणाचे? घरोघरी याचे उत्तर ‘लहान पोराचे कसले पैसे?’ असे दिले जाते. परंतु ते बरोबर नव्हे. अठरा वर्षांखालील व्यक्तीस कायद्याने करार करता येत नाही हे खरे. तथापि तिला देणगी मिळू शकते आणि ती देणगी तिचीच मालमत्ता ठरते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ हाही पालकास अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा धनी करीत नाही. मुलाच्या हितासाठी ती सांभाळण्याचे काम त्याच्याकडे सोपवितो. अर्थात शंभर रुपयांसाठी कोणी कायद्याची पुस्तके उघडावयाची नाहीत. परंतु ‘पैसे मुलाचे, राखण पालकांची’ हे तत्त्व पालकसभेत समजावून सांगण्याजोगे आहे.

‘दे इकडे, मी जपून ठेवते’ असे म्हणून आई पैसे घेते आणि पुढे ते मीठमिरचीत खर्च होतात. त्यात तिचा दोष मानू नये. ओढग्रस्तीच्या घरात असे व्हावयाचेच. दोष आहे तो न सांगण्यात. ‘घरात अडचण आहे, तुझे पन्नास रुपये उसने घेते’ असे आईने सांगितले, तर मूल आनंदाने देते आणि आपणही घराच्या उपयोगी पडलो याचा त्यास अभिमान वाटतो. न सांगता घेतले, तर पुढच्या वेळी ते नोट लपविते. मूल खोटे बोलावयास शिकते ते पुष्कळदा अशा वेळी.

याच ठिकाणी मुलगा व मुलगी यांतील भेदही प्रकट होतो. मुलाची ओवाळणी त्याच्या चेंडूफळीस जाते व मुलीची घरखर्चास, असे अनेक घरांत दिसते. दोघांस एकच नियम लावावा, हे शिक्षकाने पालकांस आवर्जून सांगावे.

मुलाने पैशांचे काय करावे, यावर सर्वांत सोपा व बिनखर्चाचा उपाय म्हणजे हिशेबाची वही. जुन्या वहीची चार कोरी पाने पुरतात. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. समजा, इयत्ता पाचवीतील एका मुलीस मामाकडून १०० रुपये, आजोबांकडून ५० व आत्याकडून २० मिळाले. एकूण जमा १७०. तिने वहीसाठी ३०, बांगड्यांसाठी २० व धाकट्या भावाच्या खाऊसाठी १० खर्च केले, एकूण ६०. आईस ५० उसने दिले. हातात शिल्लक ६०. आईकडून येणे ५०. हे ‘येणे’ स्वतंत्र लिहिण्यात मोठे शिक्षण आहे. ज्या घरात मुकादमाकडून उचल घेतली जाते, त्या घरात उचल किती घेतली, फिटली किती व अंगावर उरली किती, हा संसाराचा मुख्य प्रश्न असतो. तो हिशेब स्वतः लिहून पडताळणारा माणूस घरात नसेल, तर दुसऱ्याच्या वहीवर विसंबावे लागते. आज ओवाळणीचा हिशेब लिहिणारी मुलगी उद्या आपल्या आईबापांचा हिशेब तपासू शकेल. अंकगणिताच्या तासाचे याहून अधिक सार्थक कोणते?

उरलेली रक्कम डब्यात ठेवावी की खात्यात, हा पुढील विचार. मराठवाड्यातील वृद्ध मंडळींस निजामी राजवटीतील हाली शिक्का आठवत असेल. सात हाली रुपयांस सहा कलदार रुपये असा त्याचा भाव असे. पुढे ते चलन बंद झाले आणि गाठोड्यात राहून गेलेली नाणी केवळ दाखविण्यापुरती उरली. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजारांच्या तत्कालीन नोटा रद्द झाल्या, तेव्हाही मुदतीत न भरलेल्या नोटा वाया गेल्या. डब्यातील पैसा चोरापासून वाचला तरी काळापासून वाचतोच असे नाही.

टपाल कार्यालयात दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास स्वतःच्या नावे बचत खाते उघडून चालविता येते. त्याहून लहान मुलासाठी पालक ते उघडतात. खात्यात किमान ५०० रुपये ठेवावे लागतात व सध्या दरसाल शेकडा ४ व्याज मिळते. पाचशे रुपयांवर वर्षास वीस रुपये, हे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे. बँकांनाही दहा वर्षांवरील मुलांस स्वतंत्रपणे खाते चालवू देण्याची मुभा असून रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये त्याविषयीच्या सूचना नव्याने दिल्या आहेत. शिष्यवृत्तीसाठी ज्यांचे खाते आधीच उघडलेले आहे, त्यांनी तेच वापरावे. दहा वर्षांखालील मुलीसाठी २०१५ साली सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना आहे. तीत वर्षास किमान २५० रुपये भरावे लागतात. मात्र हे पैसे दीर्घकाळ अडकून राहतात, ही गोष्ट पालकांस अगोदर स्पष्ट सांगावी.

शिक्षकांनी स्वतः काही पथ्ये पाळणे जरूर आहे. ‘कोणास किती ओवाळणी मिळाली?’ असा प्रश्न वर्गात कदापि विचारू नये. ज्यास मामा नाही, अथवा ज्याचे वडील वारले आहेत, अशा मुलास तो प्रश्न टोचतो. वहीचे उदाहरण सर्वांसाठी कल्पित रकमेचे द्यावे. खऱ्या रकमा मुलांनी घरच्या वहीत लिहाव्यात. मुलांचे पैसे स्वतःजवळ ठेवून घेऊ नयेत. अगदी नाइलाज झाल्यास मुख्याध्यापकांसमक्ष नोंद करून त्याच दिवशी पालकांच्या स्वाधीन करावेत. वर्गात पैसे हरवल्यास सर्वांची झडती घेऊ नये; गरीब मुलावर संशय येतो व तो पुसला जात नाही. वसतिगृहातील मुलाजवळची नोट काढून घेण्याऐवजी तिचा उपयोग कसा करावयाचा, हे त्याच्याशी बसून ठरवावे.

आणि सर्वच पैसे साठविण्याचा आग्रह धरू नये. खाऊसाठी दिलेल्या पैशांतून थोडा खाऊ खाल्ला गेलाच पाहिजे. देणाऱ्याची इच्छा तीच होती. थोडे खर्चावे, थोडे राखावे, थोडे दुसऱ्यास द्यावे, आणि तिन्ही लिहून ठेवावे. फाल्गुन-चैत्रात आईबाप फडावरून परततील, तेव्हा मुलाने ती वही त्यांच्यापुढे उघडून ‘तुम्ही दिलेल्या शंभर रुपयांचे मी असे केले’ म्हणावे. त्या घरात मुलाच्या शब्दाचे वजन त्या दिवसापासून वाढेल.