काढा, यकृत आणि दारू

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात पावसाळा लागला की भिंतींच्या कडेला, नालीच्या काठाला भुईआवळी उगवते. वीतभर रोप, चिंचेसारखी बारीक पाने. डहाळी उलटी धरली की खालच्या अंगाला मोहरीहून जराशी मोठी हिरवी फळे ओळीने लोंबताना दिसतात. काविळीवर तिचा रस देण्याची रीत इथल्या छत्तीसगढी घरांत आहे, तशी मराठी घरांतही. काळमेघ, कुटकी, गुळवेल यांचेही तेच.

काविळीवरची ही झाडे आता पिणाऱ्यांच्या वाट्याला आली आहेत. तो पितोच, निदान यकृत तरी वाचू दे, म्हणून घरची बाई काढा उकळते. तिच्या या खटपटीला विज्ञान किती साथ देते, हे तिला कोणीतरी नीट सांगायला हवे.

दारू यकृतात पोचली की तिचे आधी ॲसिटाल्डिहाइड होते. हे दारूहून जहरी असते आणि पेशींतल्या प्रथिनांना चिकटून बसते. रोज भरपूर पिणाऱ्यात आणखी एक विकर जोर धरते आणि त्याच्या कामातून ऑक्सिजनचे आक्रमक रेणू सुटतात. त्यांना आवरणारे ग्लुटाथायोन हळूहळू संपत जाते. त्यातच आतड्याचे अस्तर सैल पडते, जिवाणूंचे विष रक्तावाटे यकृतात शिरते आणि सूज धरते. आधी चरबी, मग सूज, शेवटी यकृत आक्रसून निबर होते, तोच सिरोसिस.

काळमेघातले अँड्रोग्राफोलाइड, कुटकीतली पिक्रोसाइडे ही द्रव्ये त्या आक्रमक रेणूंना आवर घालतात. प्रयोगशाळेत उंदरांना दारूबरोबर असे अर्क दिले की यकृताची इजा दाखवणारे एसजीपीटी कमी चढते, ग्लुटाथायोन टिकते. हे प्रयोग खोटे नाहीत. पण उंदीर आपणहून दारूला तोंड लावत नाही, नुसत्या दारूने त्याला सहसा सिरोसिस होत नाही, आणि अर्क त्याला बहुधा दारूच्या आधी किंवा सोबतच मिळतो. माणूस वीस वर्षे पिऊन मग काढ्याकडे वळतो. मात्रेचेही बघा. उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर ६० किलोच्या माणसाला शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने रोज जवळजवळ ४ ग्रॅम लागेल. तोही सुका अर्क, चूर्ण नव्हे.

माणसांवर सर्वांत जास्त तपासणी झाली ती मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतल्या सिलिमरिनची. व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये सिरोसिसच्या १७० रुग्णांचा अभ्यास छापला. चार वर्षांनी सिलिमरिन घेणाऱ्यांपैकी ५८ टक्के हयात होते, न घेणाऱ्यांपैकी ३९. मोठी आशा वाटली. १९९८ मध्ये स्पेनमध्ये २०० मद्यपी रुग्णांवर दोन वर्षे तीच परीक्षा झाली, आणि फरक पडला नाही. २००५ च्या आढाव्यात १३ चाचण्या आणि ९१५ रुग्ण एकत्र पाहिले, तेव्हा काटेकोर चाचण्यांत मृत्यू घटल्याचे दिसले नाही.

म्हणून झाडपाला निकालात काढावा असे मला मुळीच वाटत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी गुळवेल नीट पारखली होती. पित्तमार्ग अडून झालेल्या काविळीच्या ३० रुग्णांवरचा तो अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. गुळवेल न मिळालेल्यांपैकी निम्म्यांच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला. गुळवेल घेणाऱ्यांत एकाच्याही नाही. विशिष्ट आजार, ठरलेली मात्रा, डॉक्टरांची नजर. अभ्यास छोटा, पण वाट हीच.

त्याच मुंबईत कोविडच्या काळात लोकांनी मनाने गुळवेल प्यायला सुरुवात केली आणि २०२१ मध्ये डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला हरकत घेतली. तरी आधीच दुखावलेल्या यकृतावर असा प्रयोग घरी करू नये, एवढे यावरून मी तरी म्हणेन.

दारू थांबवण्याइतका गुण मात्र कशालाच नाही. नुसती चरबी साठलेली असेल तर काही आठवड्यांत यकृत पूर्ववत होऊ लागते. सिरोसिस झालेल्यांचेही आयुष्य वाढते. पण रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी, घरच्या घरी सोडू नये. पहिल्या दोन दिवसांत हात थरथरतात, झटके येऊ शकतात, तेव्हा रुग्णालयात थायमिन आणि देखरेख लागते. तिथे जाताना काढ्याची पुडीही सोबत न्यावी. घरचे संकोचाने ती लपवतात, आणि मग काढ्याने झालेली इजाही दारूच्याच खात्यावर लिहिली जाते.