शेल वायू

शेल या अतिसूक्ष्मकणी व पापुद्र्यांच्या गाळाच्या खडकात अडकून राहिलेला नैसर्गिक वायू. त्यात मुख्यत्वे मिथेन असतो. प्राचीन समुद्रांच्या तळाशी चिखलाबरोबर साचलेल्या सजीवांच्या अवशेषांवर कोट्यवधी वर्षे उष्णता व दाब यांची क्रिया होऊन तो तयार होतो. नेहमीच्या वायुक्षेत्रांत असा वायू उगमखडकातून निसटून सच्छिद्र वालुकाश्मासारख्या खडकांत साठतो. शेलची पार्यता अत्यल्प असल्याने त्यात उरलेला वायू मात्र जागीच कोंडून राहतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील फ्रेडोनिया येथे १८२१ मध्ये विल्यम हार्ट यांनी शेलमधील वायूसाठी विहीर खणली. तथापि मोठे उत्पादन द्रवीय भंजनामुळे शक्य झाले. या पद्धतीत पाणी, वाळू व अल्प प्रमाणात रसायने यांचे मिश्रण उच्च दाबाने सोडून खडकाला तडे पाडतात; वाळूचे कण हे तडे मिटू देत नाहीत. टेक्सस राज्यातील बार्नेट शेलमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने विसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत किफायतशीर करून दाखविली. पुढे तिला आडव्या वेधनाची जोड मिळाली. परिणामी २०१७ मध्ये अमेरिका नैसर्गिक वायूची निव्वळ निर्यातदार बनली.

दगडी कोळशाच्या तुलनेत या वायूपासून वीजनिर्मिती करताना सु. निम्माच कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. परंतु मिथेन हा स्वतःच तीव्र हरितगृह वायू असल्याने गळती झाल्यास हा लाभ घटतो. एका विहिरीच्या भंजनास कोट्यवधी लिटर पाणी लागते, दूषित पाण्याची विल्हेवाट लावावी लागते व विहिरींचे उत्पादन पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने घसरते. फ्रान्सने २०११ मध्ये द्रवीय भंजनावर बंदी घातली. इंग्लंडमध्ये भूकंपाच्या धक्क्यांनंतर २०१९ मध्ये ते स्थगित करण्यात आले.

भारतात खंबायत, कृष्णा-गोदावरी, कावेरी व दामोदर या द्रोणींत अशा शेलचे थर आहेत. दुर्गापूरजवळ २०११ मध्ये तेल व नैसर्गिक वायू निगमास शेल वायू आढळला आणि २०१३ मध्ये शासनाने त्याच्या समन्वेषणाचे धोरण जाहीर केले. तथापि मोठ्या प्रमाणावरील व्यापारी उत्पादन साध्य झालेले नाही. दाट वस्ती व शेतीची पाण्याची गरज या येथील मुख्य अडचणी होत. शेल वायू हेही अखेर जीवाश्म इंधनच असल्याने कोळशाकडून सौर व पवन ऊर्जेकडे जाताना मधल्या काळाचा आधार, एवढीच त्याची भूमिका संभवते.