जनुकाची झाली तारीख

'मार्च१' हे एका मानवी जनुकाचं चिन्ह होतं. एक्सेलच्या रकान्यात ते टाइप केलं की एक्सेल त्याला तारीख समजायचं आणि १ मार्च करून टाकायचं. फाइल पुढे संख्याशास्त्रज्ञाकडे जायची. त्याला जनुकांची नावं पाठ नसतात, त्यामुळे चूक तशीच पुढे सरकायची. २०१६ साली झालेल्या तपासणीत, एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात असा घोटाळा सापडला. अखेर जनुकांचीच नावं बदलावी लागली. सप्टेंबरची तारीख वाटणारं 'सेप्ट२' आता 'सेप्टिन२' झालं आहे.

वेगवेगळ्या शाखांची माणसं एकत्र काम करतात तेव्हा विदा (डेटा) नुसती पाठवून भागत नाही. मोजमाप कोणत्या एककात, कोणत्या यंत्रावर, कधी घेतलं, हेही सोबत जावं लागतं. आणि रिकामा रकाना म्हणजे शून्य, की मोजलंच नाही? मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पावसाच्या नोंदीत तो सुटला नाही, तर कोरडा दिवस आणि बंद पडलेलं पर्जन्यमापक यांत फरकच कळत नाही.

२०१६ मध्येच 'फेअर' तत्त्वं प्रसिद्ध झाली: विदा सापडावी, मिळावी, इतर माहितीशी जुळावी, पुन्हा वापरता यावी. म्हणजे सगळं जगजाहीर करा असं नव्हे. रुग्णांच्या नोंदी कुलपातच राहाव्यात. पण त्या आहेत आणि परवानगी कुणाकडे मागायची, एवढं तरी कळायला हवं. शिवाय, मूळ फाइलला हात लावू नये. दुरुस्ती प्रतीवर करावी आणि काय बदललं ते तिथेच लिहावं. विदा सांभाळण्याच्या या कामासाठी माणूस आणि पैसा प्रकल्पाच्या अर्जातच मागून घ्यावा.