पाच ग्रेनचा हिशेब

माझं माहेर सांगली, नोकरी टेक्सासमधल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत आणि सुट्टीचा छंद पिस्तूल नेमबाजीचा. इथले बरेच नेमबाज उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या जमवतात आणि घरीच पुन्हा भरतात. इथल्या कायद्यात स्वतःपुरतं ते चालतं, शिवाय पैसे वाचतात. भारतात मात्र 1959च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे फक्त वाचावं.

काम दिसायला सोपं. जुना प्रायमर, म्हणजे बार पेटवणारी बुडाची टोपी, काढून नवा बसवायचा, मोजून पावडर घालायची, वर गोळी दाबायची. 9 मिलिमीटरच्या काडतुसात पावडरच्या जातीनुसार बहुधा चार ते सहा ग्रेन जातात. ग्रेन हे आम्हा औषधवाल्यांचंही जुनं माप: पाच ग्रेन म्हणजे साधारण 325 मिलिग्रॅम, नेहमीच्या ॲस्पिरिनच्या गोळीतल्या औषधाएवढं. एवढ्याशा पावडरीतून जो दाब उठतो, त्याची 9 मिलिमीटरसाठी ठरलेली कमाल मर्यादा दर चौरस इंचाला 35,000 पाउंड आहे. अर्धा ग्रेन जास्त पडला, तरी ती ओलांडली जाऊ शकते.

सगळ्यात घातक चूक म्हणजे एकाच पुंगळीत दोनदा पावडर पडणं. .38 स्पेशल हे काडतूस काळ्या दारूच्या जमान्यातलं, म्हणून त्याची पुंगळी उंच. आजची पावडर तिच्या तळाशी थोडीशीच दिसते. दुप्पट पडली तरी बाहेर सांडत नाही, आणि वर गोळी बसली की कळायला मार्गच उरत नाही. म्हणून मी फुगीर पावडर निवडते. ती अर्ध्याहून जास्त पुंगळी भरते, दुसऱ्यांदा घातली तर उतू जाते. शिवाय गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत दिवा धरून डोकावते.

उलटी चूक पावडर न पडण्याची. नुसता प्रायमर फुटतो आणि त्याच्या जोरानं गोळी नळीत जाऊन अडकते. त्यामागून दुसरी झाडली, तर नळी फुगते किंवा फुटते. बार फुसका वाटला, धक्का कमी बसला, की तिथेच थांबायचं. पिस्तुलाचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून काही वेळ जाऊ द्यायचा, मग ते रिकामं करून नळी आरपार तपासायची. स्पर्धेचं घड्याळ चालू असलं तरी.

पावडर किती घालायची हे छापील पुस्तकात पाहायचं. लायमन, हॉर्नडी यांची पुस्तकं त्यासाठीच असतात. पावडरीचं नाव, गोळीचं वजन आणि प्रकार, काडतुसाची एकूण लांबी हे सगळं जुळलं पाहिजे. गोळी ठरल्यापेक्षा खोल बसली, तर आतली जागा कमी होते आणि दाब एकदम चढतो. सुरुवात नेहमी पुस्तकातल्या किमान मापानं. ओळखीतल्या कुणी तोंडी सांगितलेलं माप मी वापरत नाही.

टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. करड्या रंगाच्या दोन पावडरी शेजारी ठेवल्या, तर नजरेला फरक कळेलच असं नाही. काम संपलं की उरलेली पावडर तिच्याच मूळ डब्यात परत. डब्याबद्दल शंका आली, तर ती पावडर बाद. वजनकाटा दर वेळी प्रमाणित वजनानं तपासायचा. डोळ्यांवर चष्मा हवा, फोन दुसऱ्या खोलीत. मध्येच कुणी हाक मारली, तर काडतुसं भरायच्या प्रेसवरच्या पुंगळ्या रिकाम्या करून पहिल्यापासून सुरू करायचं.

शिशाचं भान मात्र अनेकांना नसतं. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, त्याची काजळी पुंगळ्यांवर बसते. कोरड्या घासल्या तर ती धूळ होऊन श्वासात जाते, मुलांच्या तर जास्तच अंगाला लागते. म्हणून पुंगळ्या ओल्या धुवायच्या, त्यासाठी स्वयंपाकघरातलं भांडं घ्यायचं नाही, टेबलावर चहा-फराळ आणायचा नाही आणि शेवटी हात साबणानं धुवायचे.

आमच्या फार्मसीत एकानं मोजलेलं औषध दुसरा पडताळतो. घरी दुसरा माणूस नसतो, म्हणून कामाची रीतच अशी लावावी लागते की चूक डोळ्यांना दिसेल. भरलेल्या काडतुसांच्या प्रत्येक डब्यावर तारीख आणि माप लिहा, दुसऱ्यानं भरलेलं काडतूस झाडू नका. आणि एखाद्या काडतुसाबद्दल मनात शंका आली, तर ते बाजूला काढून खोला. वाचणारे पैसे बोटांपेक्षा मोठे नाहीत.